चाकाखालची गादी

आमची मॅटॅडोर सास्तूरच्या फाट्यावर वळली की अम्माला घरात बसून कळायचं. मागच्या दाराची बिजागरी ढिली होती, ती खड्ड्याखड्ड्याला ठण् ठण् वाजायची, आणि आत भिंतीला लटकवलेल्या पिंजणाची तात आपली आपण थरथरत राहायची. आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. आजोबांनी ते पिंजण, म्हणजे कातड्याची तात ताणून लावलेली कापूस पिंजायची मोठी कमान, खांद्यावर टाकून पायी गावं केली. अब्बांनी जुनी मॅटॅडोर घेतली, तिच्या पोटात इंजिनावर चालणारं पिंजायचं मशीन बसवलं, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माकणी ते बेंबळी असे गावोगाव फिरू लागले. गाव आलं की अब्बा मशीन चालवायचे, अम्मा खोळी शिवायची आणि मी दाभणात सुतळी ओवून द्यायची. संध्याकाळपर्यंत तिघांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. शाळेत मला पोरी 'म्हातारी' म्हणायच्या, आणि मी चिडायचे नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी गाडी नव्हती.

भूकंपाबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते की आमचं जाड मातीच्या छताचं माळवदाचं घर बसलं, आम्ही तिघं कशीबशी बाहेर आलो, आणि अंगणातली मॅटॅडोर जशीच्या तशी उभी होती. पुढे नव्या गावठाणात स्लॅबचं पक्कं घर मिळालं, पण अम्मा काही त्या स्लॅबखाली झोपेना. दिवसभर घरात राबायची आणि दिवे लागले की उशी घेऊन गाडीत. अब्बांनी महिनाभर समजूत घातली, मग मुकाट्याने गाडीत दोन बाजूंना फळ्या ठोकल्या. फळ्यांवर गाद्या आल्या, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आला, पितळी डबे आले, खिडकीला गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचा पडदा आला. वर्षभरात आमचा निम्मा संसार चाकांवर गेला. माझी सून हल्ली मोबाईलवर कॅरव्हॅनच्या सहलींचे व्हिडिओ दाखवते. आत फ्रिज काय, संडास काय. म्हणते, "आई, आपण पण एकदा करू." मी म्हणते, बाई, मी त्यातच मोठी झालेय.

डाव्या फळीखाली मेणकापडात गुंडाळलेली एक दुहेरी गादी असायची. ती माझ्या लग्नाची. आमच्या घराण्यात रीत अशी की मुलीच्या लग्नाच्या गादीला मशीनचा कापूस लावायचा नाही. बापाने तो जुन्या पिंजणावर, हाताने पिंजायचा, आणि आईने एकटीने टाके घालायचे, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. अब्बांनी मशीन बंद ठेवून तीन दिवस तो कापूस पिंजला होता. त्या तातेचा टंव् टंव् आवाज अजून माझ्या कानात आहे. गादीला पिवळ्यावर लाल पट्टे होते. भूकंपानंतर अम्माचा कुठल्याच घरावर विश्वास राहिला नव्हता, म्हणून ती गादीही गाडीत. तिच्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. माझ्यासारख्या एकोणीस वर्षांच्या घोडीला तर तिच्याकडे नुसतं बघितलं तरी बोलणी बसायची.

गाडी चालवायला मी शिकले ती माकणीच्या धरणात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरत जातं आणि मागे काळाभोर गाळ उघडा पडतो. लोक त्यात पेरा करतात, गुरं चारतात, वाहनं नेतात, जेवणावळी घालतात. एकदा उतरलेलं पाणी पावसाळ्याशिवाय फिरून येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या मोकळ्या रानात अब्बांनी मला स्टिअरिंग दिलं. "गाळात गाडीला रेस द्यायची न्हाय. फर्स्टला टाकायची, क्लच अर्धा धरायचा, आन् गाडीला वाटलं पायजे का ती आपल्या मनानंच चाललीया." हे त्यांचं वाक्य मी पुढे आयुष्यात बऱ्याच ठिकाणी वापरलं. सासरी तर फारच.

बेंबळीच्या एका गुरुजींकडे गाद्या भरायला गेलो होतो. गुरुजी नुकतेच गुजरातच्या टोकाला, कच्छच्या आखाताकडे जाऊन आले होते. तिथे पाण्यातलंच राष्ट्रीय उद्यान आहे म्हणाले. "समुद्र मागं सरतो, मैबूबभाई, आन् माणूस त्याच्या तळावरनं चालत जातो. रंगीत दगडं, जित्ती फुलं, पायाखाली सगळी दुनिया." अब्बांच्या हातातला कापूस हातातच राहिला. घरी येताना ते गाडी चालवत होते, पण रस्त्यावर नव्हते. शेवटी अम्माला म्हणाले, "जायचं का?"

अम्माने विचारलं, "तिथं डोक्यावर काय हाय?"

"काय असणार? आभाळ."

"मग जाऊ," अम्मा म्हणाली. भूकंपानंतर तिने स्वतःहून कुठे जायला होकार दिला तो तेवढाच, त्यामुळे अब्बांनी मग मागे वळून पाहिलं नाही. पावसाळा सरला तेव्हा दिवाळीचा धंदा अजून लांब होता. मशीन उतरवलं आणि निघालो. निघताना बेंबळीहून अब्बांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या फुफीला, बरोबर घेतलं. खरं म्हणजे घेतलं नाही. ती बोचकं घेऊन आधीच फाट्यावर उभी होती. फुफी अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. अब्बा सगळ्या तालुक्याला गाद्यांच्या गोष्टी सांगणारे, पण फुफीपुढे त्यांचं तोंड शिवलेलं.

ते चार दिवस मला रस्त्याने नाही, वासांनी आठवतात. सकाळी डिझेलचा आणि चहाचा, दुपारी तापलेल्या पत्र्याचा, संध्याकाळी येसराच्या आमटीचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार, म्हणून प्रवासाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ती आमटी. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, मागचं दार उघडायचं, की आमचं स्वयंपाकघर सुरू. ट्रकवाले थांबून बघायचे. एकाने अब्बांना विचारलं, सर्कस आहे का? फुफी आतून ओरडली, "व्हय, वाघीण आत हाय, ये!" अब्बा दिवसभर हसत होते. आणि अम्मा, जी घरी कधी चार वाक्यं सलग बोलायची नाही, ती खिडकीशी बसून प्रत्येक जिल्ह्याच्या, प्रत्येक गावाच्या छपरांवर मत देत होती. हे पत्रे चांगले. ती कौलं हलकी, पडली तरी लागायची नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी कोळ्यांच्या एका वस्तीपाशी रस्ता संपला. उद्यानाचा परवाना वनखात्याच्या चौकीवर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि बघतच राहिलो, कारण समुद्र नव्हता. समोर नजर पोचेल तिथवर ओला चकचकीत गाळ, मधूनमधून बुटक्या तिवरांची बेटं, आणि त्या झाडांचा पाला खात उभे असलेले उंट. पार टोकाला पांढरी रेघ दिसत होती, ते पाणी.

"गुरुजी बोलले तसंच हाय," अब्बा हरखून म्हणाले. "सरलाय बघा मागं." आणि माकणीच्या माणसाने उघड्या गाळाचं जे करायचं असतं तेच त्यांनी केलं. गाडी खाली घातली. चांगली दोन-तीनशे पावलं आत नेली, तोंड किनाऱ्याकडे करून लावली, म्हणजे मागच्या दारात बसून अम्माला समुद्र दिसावा. फुफीने खाली उतरून मूठभर गाळ उचलला, बोटांत चुरला आणि म्हणाली, "मैबूब, हितं हरभरा टाकला तर कंबरंएवढा येईल रं. ही माणसं येडी हायती का? एवढं रान पडीक!" त्यावर आम्ही चौघांनी गंभीरपणे चर्चा केली. हे मी आज लिहिते आहे तेव्हा माझे कान गरम होतात, कारण भरती-ओहोटी होण्याची कारणे द्या, हा प्रश्न मला दहावीला आला होता आणि मी चंद्राच्या आकृतीसकट तो पूर्ण सोडवला होता. पण ते पुस्तकात होतं. पायाखाली होता तो गाळ, आणि गाळ आम्हाला पुस्तकापेक्षा जास्त कळतो अशी आमची खात्री होती.

अम्माने स्टोव्ह पेटवला. आमटीला उकळी आली, भाकरी कुस्करल्या, आणि आम्ही समुद्राच्या तळावर चटई टाकून जेवलो. जेवण झाल्यावर अब्बा टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. पहिल्यांदा कळलं ते अम्माला. ती भांडी घासायला गाडीच्या पुढे, किनाऱ्याच्या बाजूला गेली होती. तिथे मघाशी एक कोरडी सळ, म्हणजे गाळातली लांबट घळ होती, तिच्यातून आता पाणी वाहत होतं. अम्मा क्षणभर खूश झाली की भांड्यांना पाणी मिळालं. मग तिने पाहिलं की ते पाणी येतंय, जात नाही.

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक म्हातारा लुंगी खोचून ओरडत पळत आला. "पाणी आवे छे! पाणी आवे छे!" हे इस्माईलचाचा. वस्तीतले कोळी, पुढे आमचे पाहुणे, सोयरे, सगळं काही. तेव्हा मात्र नुसता एक ओरडणारा माणूस. मी मागे वळले. ती पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती.

अब्बांनी गाडीत उडी मारली आणि चावी फिरवली. पण दोन-तीन तास एका जागी उभी राहून पुढची चाकं गाळात बसली होती, आणि या गाडीची ओढ पुढच्याच चाकांवर. अब्बांनी रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. पुन्हा रेस, पुन्हा खाली. फुफी ओरडत होती, चाचा हातवारे करत होता, पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं. मी त्या वेळी अब्बांचं तोंड पाहिलं. जे तोंड भूकंपाच्या सकाळी होतं, तेच. ती गाडी म्हणजे आमचा धंदा होता, हे तर आहेच. पण जगात अम्मा जिच्या आत डोळे मिटू शकायची ती एकच जागा होती, आणि ती बुडायला लागली होती.

अब्बा कोयता घेऊन तिवरांकडे निघाले. गाळात रुतलेल्या ट्रॅक्टरखाली आमच्याकडे तुराट्या घालतात, त्या हिशेबाने. चाचाने त्यांचा हात धरला. हे जंगल आहे, इथली काडीसुद्धा तोडायची नाही, हीच झाडं आमचा किनारा धरून आहेत, असं तो आपल्या हिंदीत सांगत होता. अब्बा कोयता हातात घेऊन तसेच उभे राहिले.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अब्बा, तुम्ही रेस का देताव? तुम्हीच म्हणला होता, गाळात रेस द्यायची न्हाय."

मी बापाला कधी असं बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि कोयता खाली टाकला. "बस वर," ते म्हणाले. "तू चालव. मागनं रेटायला गडी लागतोय."

फुफीने तोंड उघडलं होतं. तिच्या हयातीत पोरीबाळींनी गाडी चालवलेली नव्हती, आणि हे बोलायला तिला वेळ नव्हता, म्हणून तिने फक्त लुगड्याचा काष्टा मारला आणि मागे जाऊन खांदा लावला. अम्माने आतून आमच्या झोपायच्या दोन गाद्या ओढून काढल्या, एकेका चाकापुढे एकेक. मी फर्स्टला टाकून क्लच अर्धा सोडला. गाडी थरथरली, चढली, आणि गादीभर पुढे आली. अम्मा मागे पळायची, भिजलेल्या गाद्या ओढायची, पुन्हा चाकापुढे टाकायची. असं किती वेळा केलं आठवत नाही. पाणी तिच्या पोटरीला होतं. कापसाने पाणी पिऊन पिऊन गादी माणसाएवढी जड झाली होती. मग मधल्या सळीपाशी एकीची खोळ फाटली आणि सगळा कापूस पाण्यावर पसरला. दुसरी चाकाखाली जी गेली ती वर आलीच नाही.

किनारा अजून पन्नास-साठ पावलं होता. पण सळीच्या पलीकडे, चाचा बोट दाखवत होता तिथे, उंटांची वाट होती. रोजच्या चालीने घट्ट झालेली. तिथपर्यंत एक गादी हवी होती फक्त.

अम्मा गाडीत चढली. मेणकापड फाटल्याचा आवाज आला आणि मला कळलं. अब्बाही मागून ओरडले, "ती न्हाय! अगं, ती पोरीची हाय!"

"पोरीलाच देतीया," अम्मा म्हणाली. "गाडी ऱ्हायली तर दुसरी शिवीन."

पिवळ्यावर लाल पट्टे. दुहेरी असल्यामुळे आडवी टाकली की दोन्ही चाकांना पुरली. अम्मा ती पाण्यात दाबून धरून उभी राहिली, चाकापासून वीतभर, आणि काचेतून माझ्याकडे बघून तिने मान हलवली. भीतीचं नाव नव्हतं त्या चेहऱ्यावर. मी क्लच सोडायला लागले. माझा पाय कापत नव्हता, हे मी आज छाती पुढे काढून सांगते. हाताने पिंजलेला तो कापूस चाकाखाली आला, दबला, आणि त्याने गाडी धरली. मागून फुफीचा "या अल्लाऽ" ऐकू आला, गाडी सळ ओलांडून उंटांच्या वाटेवर चढली आणि मग थांबलीच नाही. किनाऱ्यावर, वस्तीच्या पार अंगणात जाऊन मी ब्रेक लावला. तेव्हा लक्षात आलं की मी रडते आहे आणि हॉर्नही वाजवते आहे.

अम्मा सगळ्यांच्या मागून आली, कमरेइतक्या पाण्यातून, गादीचं टोक खांद्यावर घेऊन. दुसरं टोक चाचाने धरलं होतं. अब्बा तिच्याकडे न जाता आधी माझ्याकडे आले. दार उघडलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चाचाला म्हणाले, "मेरी बेटी है. ड्रायवर है." हेच ते मग वस्तीतल्या प्रत्येक माणसाला सांगत सुटले. एका उंटालाही सांगितलं असावं. फुफी म्हणाली, "म्या रेटली म्हणून निघाली," आणि तेही खोटं नव्हतं.

चाचाने त्यांच्या कौलारू घरात झोपायला बोलावलं. अम्माने हात जोडले. ओल्या फळीवर नुसती चटई टाकून ती गाडीतच झोपली. "तिनं मला सोडलं न्हाय," म्हणाली, "आता मी तिला सोडू का?"

उद्यान आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं, परवाना काढून, चाचाच्या मागे एका ओळीत. पाणी कधी येतं हे अब्बांनी निघण्यापूर्वी तीनदा विचारलं आणि तळहातावर लिहून घेतलं. गुरुजी खोटं बोलले नव्हते. गुडघाभर पाण्यात जिवंत फुलं उमलत होती, हात जवळ नेला की मिटत होती. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ होते. एक ऑक्टोपस दगडाखालून निघाला आणि आमच्या डोळ्यांदेखत दगडाच्या रंगाचा झाला. फुफी त्याला म्हणाली, "लाजलास व्हय रं?" लांबवर गुलाबी पक्षी उभे होते. अम्मा साडी खोचून सगळ्यांच्या पुढे चालत होती. मधेच थांबून तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. वर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. मी तिला एवढी उंच कधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर अब्बांनी ती गादी उसवली, कापूस वाळवला आणि पुन्हा पिंजण खाली काढलं. नवा कापूस भरा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. खोळही अम्माने तीच ठेवली. धुऊन धुऊन डाग फिका झाला, पण टायरच्या नक्षीचे दोन काळपट पट्टे लाल पट्ट्यांना आडवे गेले ते गेलेच. दीड वर्षाने माझं लग्न झालं. मांडवात सामान मांडलं होतं, तेव्हा सासरच्या एका बाईने गादीवर बोट ठेवून जरा मोठ्यानेच विचारलं, "पिंजाऱ्याच्या घरात पोरीला डागाची गादी?"

अब्बा उठायला लागले. त्यांच्या आधी अम्मा उठली, जी चारचौघांत कधी बोलायची नाही ती.

"डाग न्हाय तो, चाक हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं ह्या गादीवरनं समुद्रातनं गाडी काढलीया. ज्याला बिनडागाची पायजे त्याला आमी रातीतून शिवून देऊ. पर मग पोरगी मिळायची न्हाय."

माझा होणारा नवरा सेहऱ्याच्या आडून हसला, आणि मला तो माणूस तिथेच आवडला.

ती गादी अजून माझ्या पलंगावर आहे. अब्बा गेले, अम्मा गेली, गाडी भंगारात गेली. अब्बांनी कितीही पिंजलं तरी त्या कापसातलं मीठ काही पुरतं निघालं नाही. पावसाळी हवा सुटली की ती गादी अजून ओलसर होते, आणि सून म्हणते, "आई, टाकून द्या ना आता ती." मी तिला सांगते, तू गाडी शिक आधी, मग तुला देईन.